सुट्टी काढून गाळ पाहायला: रावेत ते चाकण

आमच्या रावेतच्या फ्लॅटला रिव्हर व्ह्यू आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात नदी निळी होती आणि तिच्यावर एक पांढऱ्या शिडाची होडी होती. प्रत्यक्षात बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन शेजाऱ्यांच्या चादरी बाजूला केल्या, की पवना दिसते. संध्याकाळ झाली की डासांमुळे आम्ही खिडक्या घट्ट लावतो आणि नदीकडे पाठ करून टीव्हीवर दुसऱ्यांच्या नद्या बघतो.

यंदा मे महिन्यात त्या दुसऱ्यांच्या नद्या बघायला आम्हीही जाणार होतो. हिमाचलचं बुकिंग झालं होतं. मग नवऱ्याच्या कंपनीत नवी लाइन सुरू झाली आणि त्याची रजा रद्द झाली. माझी मात्र मंजूरच राहिली. सोसायटीच्या ग्रुपवर एकेक जण बियासच्या पाण्यात पाय सोडून बसल्याचे फोटो टाकत होता आणि मी घरात आंब्याच्या कोयी चोखत त्यांना अंगठे दाखवत होते. तेवढ्यात नणंदेचा फोन आला.

माझी नणंद केतकी कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं पीएचडी करते आहे. तिचा विषय काय, हे घरात कोणी विचारत नाही. एकदा माझ्या सासऱ्यांनी जेवताना विचारला होता आणि सगळ्यांचा वरणभात गार झाला होता.

"वहिनी, रजा वाया घालवू नकोस. माझ्याबरोबर नदीवर चल. नमुने घ्यायचेत."

"पाण्याचे?"

"पाणी काय गं, आज इथे तर उद्या उजनीत. गाळाचे घ्यायचेत. नदीला आपण जे जे खायला घातलं, ते तळाशी बसून राहतं."

हिमाचल नाही तर नाही, नदी तर नदी. मी हो म्हटलं.

पहिला दिवस: रावेत, चिंचवड, पिंपरी

ज्यांना ही सहल करायची असेल त्यांनी ट्रेकिंगचे महागडे बूट घरी ठेवावेत. गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. जुने मोजे, लिंबू आणि डासांचं मलम घ्यावं. केतकीचं सामान असं: पीव्हीसी पाइपचे तुकडे, रबरी बूच, बर्फाचा डबा आणि प्लॅस्टिकची पळी. मी घरातून स्टीलचा डाव काढून दिला, तर तिने तो परत दिला. "धातू शोधायला निघालोय आपण. धातूचा डाव नेला तर तोच सापडेल."

रावेतच्या बंधाऱ्यावर सकाळी लवकर जा. वारा छान असतो, बगळे असतात आणि रील काढणारी मंडळी अजून झोपलेली असतात. बंधाऱ्याच्या वर शहर नदीकडून पाणी घेतं आणि बंधाऱ्याच्या खाली तिला परत करतं. घेताना ते गाळून, तपासून, औषध टाकून घेतं. देताना मात्र कसलाही भेदभाव न करता, असेल ते सगळं देतं.

केतकी कमरेपर्यंत पाण्यात उतरली, पाइप तळात दाबला, वर बूच लावलं आणि उपसून काढला. आतून तपकिरी, गुळगुळीत माती निघाली. तिला पावसाळ्यातल्या शेतासारखा वास होता.

"हा आपला वर्गातला हुशार मुलगा," केतकी म्हणाली. "बाकीच्यांचे मार्क याच्याशी ताडून बघायचे."

चिंचवडात मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा आणि पाव मऊ मिळेल ही आशा सोडा. मग नदीच्या पुलावर आलो. लोकांनी नदीत काही टाकू नये म्हणून पुलाला जाळी लावलेली आहे. जाळीला बरोबर एका पिशवीच्या मापाचं भोक आहे. आमच्यासमोर एक गृहस्थ स्कूटर थांबवून उतरले आणि त्या भोकातून निर्माल्याची पिशवी गाठीसकट खाली सोडली.

"काका, निदान प्लॅस्टिक तरी काढून घ्यायचं," मी म्हटलं.

"ताई, आत देवाची फुलं आहेत. उघडी कशी टाकणार? नदी किती घाण आहे बघताय ना!"

हात झटकून ते स्कूटरवर बसले आणि गेले. 

पिंपरीत एक मोठा नाला नदीला मिळतो, तिथे दुसरा नमुना. नाल्याचं पाणी एका रंगाचं, नदीचं दुसऱ्या, आणि दोन्ही बराच वेळ शेजारी शेजारी वाहतात, बोलणं टाकलेल्या भावांसारखी. या वेळी पाइपमधून निघालेला गाळ डांबरासारखा काळा होता. सडक्या अंड्यांचा वास आला आणि पृष्ठभागावर तेलाचं इंद्रधनुष्य पसरलं. मी नाक धरून लांब झाले. केतकी मात्र पाइप उजेडात धरून, साडीचा पोत पाहावा तशी बघत होती.

"असं काय आहे त्यात?"

"साबणाचा फॉस्फरस, संडासातला नत्र, रस्त्यावरचं शिसं, कारखान्यांतलं जस्त, निकेल, क्रोमियम. फॉस्फरस शेवाळाला तरी खायला होतो. धातू कोणी खात नाही, ते कुजत नाहीत, जळत नाहीत. एकदा बसले की बसले."

"आमच्या ऑफिसातल्या साहेबांसारखे," मी म्हटलं. केतकी हसली. मग पिशवीवर ठिकाण लिहून तिने ती बर्फात ठेवली.

दुसरा दिवस: दापोडी

दापोडीला पवना मुळेला मिळते. संगम म्हटल्यावर आपल्या मनात घाट, शंख, घंटा वगैरे येतात. इथे जलपर्णी येते. या काठापासून त्या काठापर्यंत इतकी हिरवीगार, की पुलावर आमच्याशेजारी अडकलेल्या बसमधल्या एका पाहुण्या बाई मुलाला म्हणाल्या, "बघ, केवढं मोठं लॉन!" त्यांची चूक नव्हती. ती जलपर्णी गाळातल्या फॉस्फरसवर आणि शहराच्या सांडपाण्यावर पोसलेली असते. दरवर्षी ती काढतात, काढून काठावर टाकतात आणि पाऊस पडला की ती परत पाण्यात जाते. शहरात इतक्या नियमितपणे चालणारी दुसरी फेरी मला माहीत नाही.

पाहुण्या बाईंना मी हसले खरी, पण त्यानंतर लगेच माझी पाळी आली. काठ समजून मी ज्याच्यावर पाय दिला तो काठ नव्हता. आधी गमबूट गेला, मग गुडघा, मग मांडी. गाळ ओढत नाही, हे मला नंतर समजावण्यात आलं. पण त्या क्षणी तो मला सावकाश, चवीनं गिळत होता.

"केतकी!"

ती धावत आली. माझ्या हातातली नमुन्याची पिशवी आधी घेतली, ती नीट बर्फात ठेवली आणि मग माझा हात धरला. नणंद ती नणंदच. तिच्या एकटीनं मी निघेना. वर वडापावच्या गाडीवरच्या दोन बाया हे बघत होत्या. त्यांतली थोरली झारा हातात घेऊनच खाली उतरली.

"हलू नका ओ बाई! जितकं हलाल तितकं आत जाल. आडव्या व्हा, आडव्या!"

"यात आडवी होऊ?"

"मग काय उभ्यानं जायचंय?"

झाले आडवी. तिघींनी मिळून मला ओढली. माझा डावा गमबूट आजही संगमात आहे. पाय धुवायला बायांनी पिण्याच्या हंड्यातलं पाणी दिलं, वर गरम वडापाव दिला आणि विचारलं, "पण आत गेलात कशाला?"

"गाळ तपासायला."

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. "बघ गं. आपण चाळीत पाणी शिरल्यावर दरवर्षी घरातनं फुकट उपसतोय. ह्या पगार घेऊन उपसतात."

पायांना दोन दिवस खाज सुटली होती. वर लिंबू घ्या म्हटलंय ते पायांना लावण्यासाठी, पण ते विसरा. डॉक्टरकडे जा.

तिसरा दिवस: चाकणकडे

चाकणला जाताना भोसरी, मोशी करत नाशिक रस्त्याने जावं लागतं. अंतराचा विचार करू नये, कंटेनरांचा करावा. आम्ही स्कूटरवर दोन कंटेनरांच्या मधल्या सावलीतून सरकत गेलो आणि दोन्ही चालकांचे आवडते गायक पाठ करून घेतले.

चाकणच्या अलीकडे केतकीच्या मामांचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण मामांना तिथंच राहायचंय. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. त्यांची बरीचशी जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली. एक रान राहिलं, त्यात ते पालेभाज्या करतात. आणि ओढ्याकाठी पत्र्याच्या गाळ्यांची एक ओळ आहे, ती भाड्यानं दिली आहे.

"गाळ बघाया आलात?" मामा हसले. "आमच्याकडं लोक प्लॉट बघाया येत्यात."

गावच्या तळ्याचं सुशोभीकरण चाललं होतं. काठाने जॉगिंग ट्रॅक झाला होता, गावावरचं प्रेम इंग्रजी अक्षरांत व्यक्त करणारा सेल्फी पॉइंट उभा होता आणि हंसाच्या आकाराच्या दोन पायडल होड्या पालकाच्या सूपसारख्या पाण्यात रुतून बसल्या होत्या. पोकलेन गाळ उपसत होता आणि ट्रॉल्या भरून शेतकऱ्यांना फुकट वाटला जात होता. मामांनी गेल्या वर्षीही घेतला होता. यंदाच्या ट्रॉल्यांचा ढीग बांधावर तयार होता.

रानात मेथी बघून मी थक्क झाले. पानं तळहाताएवढी नसतील, पण तसा भास होत होता. केतकीने मात्र वाकून मूठभर माती उचलली आणि पिशवीत घातली. मामांना ते आवडलं नाही.

"तपासायचं काय त्यात? गाळ म्हंजी सोनं आसतंय, पोरी. माझ्या आज्यानं ह्याच तळ्यातला गाळ बैलगाडीनं वाहिलाय."

"सोनं निघालं तर तुमचं, मामा. पण दुसरे धातू नक्की निघतील."

मग ती तळ्यात येणाऱ्या ओढ्याच्या कडेने वर चालू लागली. आम्ही तिच्या मागे. ओढ्यात पाणी असं नव्हतंच, एका पाइपातून पिवळसर हिरवी धार तेवढी येत होती. पाइप पत्र्याच्या एका गाळ्यातून निघाला होता. केतकीने खाली बसून नमुना घेतला.

"कोणाचा आहे हो हा गाळा?" तिने विचारलं.

मामांनी ओढ्याकडे तोंड फिरवलं. "आपलाच हाय," ते म्हणाले.

आवाज ऐकून भाडेकरू बाहेर आला. मराठवाड्यातून आलेला, तिशीतला, हातावर रसायनांचे डाग. आधी मोठ्या कंपनीत कंत्राटावर होता, तिथून काढल्यावर त्याने सुट्या भागांना निकेल-क्रोमियमची चकाकी देण्याचं हे काम सुरू केलं होतं.

"मामा, च्या सांगू का?"

"च्या ऱ्हाऊ दे. ह्ये पानी तू इथंच सोडतोस व्हय?"

"मग कुठं सोडू? सगळेच सोडतेत."

"आणि ज्या कंपनीचं काम करता, ती काय म्हणते?" केतकीने विचारलं.

"ती लई चांगली हाय, मॅडम. तिथं पाण्याचा एक थेंब बाहेर जात न्हाई, गेटवर तसा बोर्डच लावलाय. म्हणून तर हे काम बाहेर देतेत. ते त्यांच्या माणसाला देतेत, तो मला देतो." तो जरा थांबला आणि खरंखुरं हसला. "माझ्या खाली कुणी असतं, तर मी त्याला दिलं असतं."

 दुपारी मामींनी बाजरीची भाकरी, ठेचा आणि मेथीची भाजी वाढली. मी केतकीकडे बघितलं. ती भाकरीला भाजी अगदी जराशी लावत होती. मामींच्या ते नजरेत आलं.

"खावी का न्हाई, ते सांग नीट."

"एका जेवणानं काही होत नाही, मामी. रोज खाणाऱ्यांचं बघायला लागेल."

"रोज खानारी मीच हाय," मामी म्हणाल्या.

विषय बदलावा म्हणून मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "आन तुमीबी खाताय की. तुमच्या रावेतला दर रविवारी आपला टेम्पो जातोय."

तेव्हा मला कळलं, की आमच्या सोसायटीच्या गेटवर 'थेट शेतातून तुमच्या दारात' असा फलक लावून जी मेथी येते आणि जिच्यासाठी मी शेजारणीशी रांगेत भांडले आहे, ती ही.

घरी आल्यावर

पुढचा भाग प्रवासात मोडत नाही, पण तो सांगितल्याशिवाय प्रवास पुरा होत नाही.

केतकीचे नमुने वाळले, चाळले गेले, आम्लात विरघळले आणि यंत्रात गेले. आकडे इथे देत नाही, ते तिच्या प्रबंधात येतील. दापोडीचा गाळ फॉस्फरसमध्ये पहिला आला. मामांच्या रानातला नमुना मात्र क्रोमियम आणि निकेलमध्ये पिंपरीच्याही पुढे होता. रावेतच्या हुशार मुलाशी त्याचं काही नातंच लागेना.

आम्ही परत चाकणला गेलो. मामांनी ऐकून घेतलं आणि रानाकडे हात केला. "आगं, पीक तर बघ कसलं आलंय!"

"तेच तर, मामा. गाळात खतपण आहे. सांडपाण्याचं खत. पीक खतामुळे तरारतं आणि त्याबरोबर धातूपण उचलतं. पालेभाजी तर जास्तच. दिसायला काही दिसत नाही."

"मग गाळ काडून टाकू."

"ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवून सगळं मिसळलंय ना? आता माती कुठली आणि गाळ कुठला?"

मामांनी वाकून मूठभर माती उचलली. आयुष्यभर ज्या रानाला त्यांनी हातानं भरवलं, त्याला आपणच काय खायला घातलं, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या समजत होतं आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मामी मात्र वाफ्यात उतरल्या आणि त्यांनी पहिली मेथी उपटली. मग दुसरी. मग आम्ही सगळेच उतरलो.

यंदाच्या गाळाचा बांधावरचा ढीग तेवढा अजून मिसळला नव्हता. पावसाने तो ओढ्यात जाऊ नये म्हणून केतकीने त्यावर ताडपत्री घालायला सांगितली. तळ्याच्या ठेकेदाराला मामांची अडचण कळली, तेव्हा त्याने एक तोडगा सुचवला. रानात लॉन लावा. लॉन मातीसकट गुंडाळून विकतात, दोन-चार हंगामांत सगळी माती बंगलेवाल्यांच्या दारात जाईल आणि वर पैसेही येतील. मामा क्षणभर विचारात पडले, हे मी पाहिलं आहे. मामींनी विचार केला नाही.

"लोकांच्या दारात पोरं खेळत्यात," त्या म्हणाल्या आणि ठेकेदाराचा चहाचा कप अर्धा भरलेला असतानाच उचलून आत नेला.

मामांनी भाडेकरूला गाळा रिकामा करायला लावला. त्याने तो केला आणि त्याच ओढ्यावर थोडं खाली, दुसऱ्या मालकाचा गाळा घेतला. जाताना मामांच्या पाया पडून गेला.

ग्रामसभेत मामा उभे राहिले आणि तळ्याचा गाळ कोणी रानात घालू नका, असं म्हणाले. मागून कोणीतरी ओरडलं, "मामा, गाळ्याचं भाडं गोड लागलं, आन गाळ कडू व्हय?"

"व्हय," मामा म्हणाले. "गाळाबी माजा, गाळबी माजा. म्हनून तर सांगतोय."

सभा हसली. दुसऱ्या मालकाने पाइप काढला नाही आणि तळ्याच्या उद्घाटनाचा मांडवही थांबला नाही. पण त्यानंतर गावातल्या कोणीही ट्रॉली नेली नाही. आमचा विजय झाला, असं मी आणि केतकी फोनवर एकमेकींना बराच वेळ सांगत होतो.

विजयाला आठवडा झाला असेल. सकाळी मी भाजी घ्यायला खाली उतरले, तर सोसायटीच्या गेटवर ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत काळा, चकाकता ढीग. आमचे चेअरमन मुलांच्या घसरगुंडीशेजारची जागा दाखवत होते.

"या, या! बागेसाठी नैसर्गिक गाळ आणलाय. तलावातला, एकदम सुपीक. आणि फक्त वाहतुकीच्या खर्चात!"

मी ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "कुठल्या तळ्यातला?"

"चाकणकडचा. तिकडं शेतकरी घेईनात, म्हनून ठेकेदारानं सोसायट्यांना धाडायला लावलाय."

मी गेटमध्ये उभी राहिले. खरंच उभी राहिले, भाजीची रिकामी पिशवी हातात घेऊन. सगळं सांगितलं. निकेल सांगितलं, क्रोमियम सांगितलं. चेअरमन म्हणाले, "मॅडम, तुम्ही हल्ली फार निगेटिव्ह झाला आहात." दोन आयांनी मात्र मुलांना घसरगुंडीवरून उतरवलं, आणि आयांपुढे चेअरमनचं काही चालत नाही.

ट्रॅक्टरवाल्याने हे सगळं शांतपणे ऐकलं. मग त्याने इंजिन बंद केलं आणि मला विचारलं, "बरं ताई, हितं नको. मग कुठं नेऊ, सांगा."

तळ्यात परत? तिथे उद्घाटन होतं. रस्त्याकडेला ओतला, तर नाल्यात. नाल्यातून नदीत, आमच्याच व्ह्यूमध्ये. केतकीला फोन लावला, तर असा गाळ कायद्याने कुठे न्यायचा आणि तिथे एका ट्रॉलीसाठी कोणी दार उघडत नाही, हे तिने मला सविस्तर सांगितलं. ट्रॅक्टरवाला तंबाखू मळत वाट बघत होता. शेवटी मी मामांना फोन केला, काय करू म्हणून.

 मागे मामींचा आवाज येत होता, कोणाचा फोन म्हणून विचारणारा.

"माझ्याकडं धाड," मामा म्हणाले. "बांधावर ढीग हायच, त्याच्यातच टाकू. माझं रान तर गेलंच हाय. दुसऱ्याचं कशाला घालवायचं?"

मी काही म्हणणार, तर तेच पुढे म्हणाले, "त्याला म्हनावं, गाडी सावकाश आन. सांडू नगं. आन केतकीला म्हनावं, मोठी ताडपत्री लागंल."